उभ्या गाडीचं इंजिन

आप्पांना घरात बसायची सवय नव्हती, आणि बसलेल्या आप्पांची आम्हाला नव्हती. आयुष्यभर त्यांनी ट्रक चालवला. सोलापूर-हैदराबाद, सोलापूर-विजापूर, मधेच कधीतरी थेट दिल्लीकडं. घरी यायचे ते आंघोळीला, जेवायला आणि झोपायला. मग एका सकाळी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. उजवी बाजू काही दिवस लुळी पडली आणि औषधांनी, व्यायामानं हळूहळू परत आली. ज्या दिवशी घास पुन्हा उजव्या हातानं तोंडात गेला, त्या दिवशी माझ्या आईनं, म्हणजे आमच्या घरातल्या कानडी वळणानं अव्वानं, शेजारपाजारी पेढे वाटले.

गाडी चालवायला मात्र डॉक्टरांनी मनाई केली. "सध्या नको, पुढं बघू," ते म्हणाले. या 'पुढं बघू'नं आमच्या घराची पार दैना केली. सरळ 'नको' म्हणाले असते तर आप्पा चार दिवस रागावले असते आणि मग गप्प झाले असते. 'पुढं बघू' म्हटल्यावर ते रोज उठून पुढं बघायला लागले.

सकाळी उठले की गॅलरीत. खाली आमची जुनी चारचाकी कव्हर घालून उभी असायची. झटक्याच्या आधी ट्रक विकला तेव्हा त्यांनी ती हौसेनं घेतली होती. वरून तिच्याकडं बघायचे, मग जिना उतरून खाली जायचे, टायर दाबायचे, कव्हर झटकायचे, वर यायचे. चहा अर्धा प्यायचा आणि परत खाली. किल्ली अव्वानं ज्वारीच्या डब्यात लपवली होती. ती तिथं आहे हे आप्पांना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे अव्वाला माहीत होतं. तरी भाकरीचं पीठ दळायला द्यायचं झालं की ती डबा घेऊन आतल्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची.

मी एका कॉलेजात संगणकाच्या प्रयोगशाळेत काम करते. माझा स्वभाव बापावर गेलाय, म्हणजे तडतड्या. आप्पांच्या त्या येरझाऱ्या बघून माझंही डोकं उठायचं. मी पुस्तक घेऊन बसले की ते समोरून जायचे. मी लॅपटॉप उघडला की मागून यायचे आणि विचारायचे, "काय करतीयास?" मी काहीतरी सांगायची. ते ऐकायच्या आधीच पुढं निघालेले असायचे. त्यांची मला कीव यायची आणि रागही यायचा, आणि दोन्ही एकाच वेळी आले की मी उगाच अव्वावर खेकसायची.

लॅपटॉपवर गेम खेळायची खोड मला जुनी. ट्रक चालवायचा एक खेळ माझ्याकडं होता. माल भरायचा, शेकडो मैल न्यायचा, उतरवायचा. कॉलेजातल्या एका मैत्रिणीच्या घरी खेळायचं स्टिअरिंग आणि पायाखालचे पेडल धूळ खात पडले होते. ते मी मागून आणले, जेवायच्या टेबलाला घट्ट आवळले आणि आप्पांना म्हटलं, "बसा."

"पोरखेळ हाय हा," असं म्हणून ते बसले. खेळातली वाहतूक उजव्या बाजूनं जात होती. दोन मिनिटांत त्यांनी समोरून येणाऱ्या सगळ्या ड्रायव्हरांची आई काढली. मग मी डाव्या बाजूनं वाहतूक असलेला देश शोधून दिला आणि ते शांत झाले. जेवण निवलं तरी उठले नाहीत. अव्वा दारात हात पुसत उभी राहून बघत होती. कित्येक महिन्यांत आप्पा एवढा वेळ एका जागी बसलेले तिनं बघितले नव्हते.

उठले ते एक घोषणा करूनच. "हितं एक खेप न ठोकता पोचवली की डब्यातनं किल्ली काढायची. वळसंगला मी सोता चालवत जाणार." वळसंगला त्यांची थोरली बहीण राहते आणि आमचा जमिनीचा तुकडाही तिथंच आहे.

डब्याचं नाव निघाल्यावर अव्वा चपापली. मग म्हणाली, "आदी पोचवा तरी."

त्यांना ती खेप पोचवता येईना. पुढची गाडी थांबली की आप्पा तिच्यावर जाऊन आदळायचे. "ब्रेक उशिरा लागतोय," ते म्हणायचे. "मी आत्ता मारतोय, गाडी मागनं ऐकतीया." हे आप्पांच्या तोंडून ऐकणं मला नवलाचं होतं. कुठल्याही अपघाताची बातमी आली की ते चिडायचे: ठोकल्यावर पहिलं ब्रेकचं नाव घेतात, गाडीला तोंड न्हाय म्हणून. पण या वेळी ते खरंच होतं. माझा लॅपटॉप पातळ, हलका, कागदपत्रं लिहायला केलेला. गर्दीच्या रस्त्यावर चित्र अडखळायचं. समोरचा ट्रक एका जागी दिसायचा आणि डोळ्याची पापणी लवेपर्यंत एकदम नाकासमोर यायचा. मी स्वतः बसून बघितलं. मीसुद्धा ठोकलं.

मग मला दुसरं काही सुचेना. कॉलेजातून येता-जाता, भाजी घेताना, डोक्यात एकच. नवा गेमिंगचा लॅपटॉप परवडणारा नव्हता. शोधता शोधता कळलं की मोठ्या कॉम्प्युटरात बसवतात ते ग्राफिक्स कार्ड लॅपटॉपला बाहेरूनही जोडता येतं. कार्ड एका छोट्या स्टँडवर उघडंच उभं करायचं, त्याला वेगळा वीजपुरवठ्याचा डबा द्यायचा, आणि एका केबलनं ते लॅपटॉपच्या कडेच्या चपट्या भोकात जोडायचं. सगळ्या लॅपटॉपना ही सोय नसते. माझ्या लॅपटॉपला होती, आणि त्या भोकात मी आजवर फक्त चार्जर घातला होता. आणखी एक गोष्ट कळली. चित्र परत लॅपटॉपच्याच पडद्यावर आणलं तर त्याच केबलवर ओझं पडतं आणि वेग कमी होतो. म्हणून मॉनिटर सरळ कार्डालाच जोडायचा. जुना मॉनिटर माळ्यावर होता.

एकेक वस्तू आली तसतशी माझी घाई वाढत गेली. कार्ड नव्या पेठेतून जुनं घेतलं, स्टँड कुरिअरनं आला, वीजपुरवठ्याचा डबा सगळ्यात शेवटी. रविवारी सकाळी मी जोडायला बसले. आप्पा डोक्यावर उभे. कार्डाचे पंखे फिरायला लागले आणि बारीक घरघर सुरू झाली तसे ते खाली वाकले.

"हे काय हाय?"

"लॅपटॉपची ताकद कमी पडते ना, म्हणून हे बाहेरून जोडायचं. हे इंजिन समजा."

"म्हंजी इंजिन भाईर आणि केबिन वायलं." त्यांनी घरघर ऐकली. "ट्रॅक्टर-ट्रॉली हाय की."

अव्वानं मात्र नाक मुरडलं. "याचं पोट असं उघडंच ठेवायचं?" आमच्या घरात उघडी वस्तू चालत नाही. टीव्हीला कव्हर, मिक्सरला टोपडं, रिमोटलासुद्धा प्लॅस्टिकची पिशवी. ती विणलेला रुमाल घेऊन आली. मी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि पुन्हा असं केलंस तर घर पेटेल अशी भीती घातली.

पहिला दिवस झकास गेला. चित्र लोण्यासारखं सरकत होतं. मी थोडा वेळ चालवून बघितलं, ब्रेक दाबला की गाडी तिथल्या तिथं. आप्पांना नुसता रस्ता दाखवला आणि जेवायला उठवलं. म्हटलं, खेप उद्यापासून.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून घरी आले तर पडदा गोठलेला आणि आप्पा गॅलरीत पाठ करून उभे. "बंद पडली," एवढंच म्हणाले. मी लॅपटॉप बंद करून चालू केला, तपासला, सगळं व्यवस्थित. तिसऱ्या दिवशी परत तेच. चौथ्या दिवशी तर लॅपटॉपला कार्ड दिसेचना, सगळं सॉफ्टवेअर पुसून नव्यानं घालावं लागलं.

ते दिवस आठवले तरी मला धाप लागते. मी केबल बदलली. उन्हाळा होता, आमचं घर वरच्या मजल्यावर, स्लॅब असा तापायचा की दुपारी भिंतीला टेकवत नसे. म्हणून कार्डासमोर टेबलफॅन लावला. लाईट गेली होती का, हे विचारायला रोज कॉलेजातून फोन. शिकवताना लक्ष नाही, मुलांनी विचारलेलं ऐकू येत नाही. संशय अव्वावर तर होताच. "खरं सांग, रुमाल घातला होतास?" ती म्हणाली, "माझ्या हाताला काय खाज सुटलीय का?" आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. विचित्र हे, की मी खेळायला बसले की काहीही बिघडत नव्हतं. तासभर चालवलं, मुद्दाम वेडंवाकडं चालवलं, मशीन ठणठणीत. आप्पा बसले की बंद.

हे आप्पांच्याही लक्षात आलं होतं. एका संध्याकाळी ते उजवा हात उघडझाप करत बसले होते. म्हणाले, "तुझ्या हातानं चालतीया न्हवं? मग माझ्याच हाताला गुण न्हाय." मी म्हटलं, "काहीतरीच काय, आप्पा." मला ती खेप पोचायला हवी होती. वळसंग, किल्ली, डॉक्टर, ते सगळं मागाहून. एकदा तरी त्यांनी माल सुखरूप उतरवावा आणि माझ्याकडं बघून मिशीत हसावं, एवढंच मला पाहिजे होतं, आणि त्यासाठी मी माणसांत राहिले नव्हते.

मग कॉलेजाला सुट्टी आली. त्या दिवशी मी हॉलमध्येच शेंगा सोलत बसले आणि आप्पांवर नजर ठेवली. ते मजेत चालवत होते. मोकळा रस्ता, दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं. आतून अव्वानं चहाला हाक मारली. आप्पांनी इंडिकेटर दिला, ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला, हँडब्रेक लावला. मग खाली वाकले आणि वीजपुरवठ्याच्या डब्याचं बटण खट्कन बंद केलं.

पंखे थांबले. पडदा गोठला.

"आप्पा!" माझ्या मांडीवरच्या शेंगा घरभर झाल्या. "हे काय केलंत?"

ते दचकले. "काय केलं?"

"बटण का बंद केलंत?"

आता ते माझ्याकडं असे बघायला लागले की मीच येडी. "च्याला उठलो की. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठिवत्यात व्हय? डिझेल फुकट जळतंय."

आयुष्यभर ढाब्यावर, नाक्यावर, फाटकाला, गाडी थांबली की त्यांचा हात आधी किल्लीकडं गेलेला. क्लीनरानं इंजिन चालू ठेवून खाली उडी मारली तर ते त्याला अर्धा दिवस बोलत राहायचे. आणि हे इंजिन आहे असं त्यांना सांगितलं कुणी होतं? मीच. लॅपटॉप चालू असताना कार्डाची वीज तोडली तर तो बिचारा गोठणारच, दुसरं करील काय. चहाला उठले की बंद, लघवीला उठले की बंद, फोन आला की बंद. परत येऊन बटण चालू केलं की पंखे फिरायचे, पण पडदा काही जागा व्हायचा नाही. मग त्यांना वाटायचं, आपल्या हातानं काहीतरी बिघडलं.

अव्वा चहा घेऊन बाहेर आली. काय झालं ते कळल्यावर ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, इतकी की चहा बशीत सांडला. "आणि माझ्या रुमालावर आळ!" आप्पाही हसले. किती दिवसांनी त्या घरात तिघं एकदम हसलो. मी लॅपटॉप नव्यानं चालू केला, बटणावर आडवी-उभी चिकटपट्टी लावली आणि सांगितलं की हे इंजिन डिझेलवर चालत नाही, याला उभं असतानाही चालू राहू द्या. त्यांना ते पटलं नाही, पण मानलं.

"आता खेप," ते म्हणाले. "हितं बस. बग."

मी शेजारी खुर्ची घेतली. अव्वाही जमिनीवरच्या शेंगा वेचता वेचता बघत होती. ट्रक सुटला. आप्पा ताठ बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, ओठ किंचित आवळलेले. लहानपणी केबिनमध्ये त्यांच्या शेजारी बसून मी हाच चेहरा बाजूनं बघायची. वळणं किती सुरेख घेत होते! आरसे बघत होते, गिअर वेळेवर टाकत होते. चित्र एकदाही अडखळलं नाही. मला मनापासून आनंद झाला होता.

गावाजवळ गर्दी लागली. पुढच्या ट्रकचे मागचे लाल दिवे पेटले. आप्पांनी ठोकलं.

"परत लाव," ते म्हणाले.

परत लावलं. पुन्हा पुढं लाल दिवे, पुन्हा तेच.

आजवर मी नेहमी पडद्याकडंच बघत आले होते. तिसऱ्या वेळी मी खाली बघितलं, त्यांच्या पायाकडं. पडद्यावरचे दिवे लाल झाले ते मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. त्यांचा उजवा पाय वेगाच्या पेडलवर तसाच होता. मग जरा वेळानं, कुणीतरी झोपेतून हाक मारून उठवावं तसा तो उचलला गेला, सरकला, आणि ब्रेकवर पडला. तोपर्यंत वर आदळल्याचा आवाज आला होता.

कार्ड ठीक होतं. केबल ठीक होती. मॉनिटर, वीज, सगळं ठीक होतं. इतके दिवस जिवाचं रान करून मी घरातल्या सगळ्या सबबी एकेक करून काढून टाकल्या होत्या.

"अजून एक सेटिंग राहिलंय, आप्पा," मी म्हटलं. "ब्रेकचं. ते नीट केलं की होईल."

आप्पांनी स्टिअरिंगवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले. त्यांनीही खाली बघितलं. "ब्रेक बराबर लागतोय की," ते म्हणाले. "गाडीला बोल लावू नगंस. पाय मागनं येतोय."

अव्वाचा शेंगा वेचणारा हात थांबला. फक्त पंखे फिरत होते, आणि आप्पांना तो आवाज सोसत नसावा, कारण ते पुन्हा पुन्हा त्या चिकटपट्टी लावलेल्या बटणाकडं बघत होते.

"हे काढून ठिव, बाई," शेवटी ते म्हणाले. "आदीचंच बरं हुतं."

मी काढून ठेवलं. आधी लॅपटॉप बंद केला, मग चिकटपट्टी सोलून बटण बंद केलं, केबल गुंडाळली. अव्वानं विणलेला रुमाल आणला आणि कार्डावर घातला. या वेळी मी तिला अडवलं नाही. आतल्या खोलीत जाऊन दार लावून मी रडले. त्या कार्डाचा मला इतका राग आला होता की फेकून द्यावंसं वाटलं. त्याचा काय दोष होता, त्यानं चित्र स्वच्छ दाखवलं एवढंच.

त्या आठवड्यात आप्पा गॅलरीत गेले नाहीत. हेही मला बघवेना. येरझाऱ्यांनी डोकं उठायचं, आता त्या थांबल्या तर मीच घरभर फिरत होते.

रविवारी सकाळी ते आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून बाहेर आले. स्वयंपाकघरात गेले, अव्वाच्या समोर ज्वारीचा डबा उघडला, कोपरापर्यंत हात घालून किल्ली काढली. अव्वा पाटावरून अर्धी उठली. त्यांनी किल्ली फुंकून ज्वारीची धूळ उडवली आणि माझ्या हातात दिली.

"वळसंगला जाऊन येऊ. गाडी काढ."

'गाडी काढ' असं त्यांनी आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. ते फक्त 'चला' म्हणायचे. खाली मी कव्हर ओढलं, बॅटरी बसली होती म्हणून शेजाऱ्यांच्या गाडीवरून चालू करून घेतली. आप्पा सवयीनं उजव्या दाराकडं गेले, दाराला हात लावला, मग समोरून वळसा घालून डावीकडं येऊन बसले. पट्टा लावला. अव्वा मागं बसली, मांडीवर शेंगाचटणीची पुडी आणि कडक भाकरी घेऊन.

आम्ही अक्कलकोट रस्त्याला लागलो. मी जपून चालवत होते, इतकं जपून की मागचे हॉर्न वाजवत होते. कुंभारीच्या पुढं मेंढरांचा कळप आडवा आला. मी ब्रेक दाबला, गाडी थांबली. ती थांबून झाल्यावर शेजारी आप्पांचा उजवा पाय समोरच्या रबरी मॅटवर जोरात दाबला गेला.

मी बघितलं. मी बघितलेलं त्यांनी बघितलं. अव्वा मागून कानडीत मेंढपाळाला काहीतरी विचारत होती. मेंढरं संपेनात. आप्पांनी माझ्यासमोरून हात लांब केला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"उभी हाय की गाडी," ते म्हणाले.

मी मान हलवली. मेंढरं जाईपर्यंत आम्ही तसेच बसलो, आणि मग ते म्हणाले, "हं. लाव आता."